मनालीला स्वतःची गाडी नेताय? आधी चाकांचं बघा

डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईहून गाडी काढून थेट मनाली, अटल बोगदा, सिस्सू. निघणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न: चेन घेऊ की विंटर टायर?

माझं मत, चेन. विंटर टायरचं रबर ७ अंशांखालीही मऊ राहतं, म्हणून युरोपात हिवाळाभर ते चढवून ठेवतात. आपल्याला बर्फ भेटणार दोन दिवस. बाकी जाऊन-येऊन साडेतीन हजारांहून जास्त किलोमीटर कोरडं डांबर. उबदार रस्त्यावर ते टायर भराभर झिजतात.

चेन बांधायची ती इंजिनाची ताकद जाते त्याच चाकांना. आपल्या बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांवर ओढतात, तरी लोक मागे बांधून मोकळे! टायरच्या कडेवरचा आकडा बघून मापाचीच घ्या. घरच्या पार्किंगमध्ये दोनदा चढवून बघा. बोटं बधिर झाल्यावर शिकणं होत नाही. बांधल्यावर थोडं पुढे जाऊन पुन्हा ताणा. वेग ताशी ३०-४०, बस्स. ९.०२ किलोमीटरच्या बोगद्यात बर्फ नसतो, तिथे काढाच.

आणि पोलिसांनी सोलंगला अडवलं तर हुज्जत नको. गाडी लावा, स्थानिक फोर बाय फोर करा.