ई-४७१ म्हणजे नेमकं काय? पाकिटामागचा माणूस आणि त्याची अमानत

परदेशातून कोणी चॉकलेट-बिस्किटं आणली की घरात पहिला प्रश्न येतो, "हे आपल्याला चालतं का?" पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : ई-४७१.

तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा हा पदार्थ चरबीपासून बनतो. ती चरबी पाम किंवा सोयाबीन तेलाची असू शकते, जनावराचीही असू शकते. नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही. जिलेटिनचंही तसंच. ते गाय, डुक्कर किंवा माशाच्या कातडी-हाडांतून काढतात. नेमकं काय वापरलं, हे कारखान्यातल्या फूड टेक्नॉलॉजिस्टला, म्हणजे अन्नतंत्रज्ञाला माहीत असतं.

आपल्या देशात पाकिटावर हिरवी किंवा तपकिरी खूण सक्तीची आहे. हिरवी खूण असेल तर प्राण्याची चरबी किंवा जिलेटिन नसतं. पण हिरवं म्हणजे हलालच असं नाही, कारण इसेन्समध्ये अल्कोहोल असू शकतं. तपकिरी खूण तर कोणत्या प्राण्याचं, हे सांगतच नाही. शंका असेल तर हलाल प्रमाणपत्र पाहा, कंपनीला विचारा, आपल्या आलिमांना विचारा.

मात्र या माणसाची जबाबदारी हलाल-हरामपुरती नाही. त्याने ठरवलेला एक फॉर्म्युला लाखो घरांत जातो. मीठ-साखर किती, रंग कोणता, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यासाठी सूचना छापायची की नाही, हे त्याच्या टेबलावर ठरतं. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट मिसळतात. त्यातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. ही भेसळ प्रयोगशाळेत पकडली जाते. ट्रान्स फॅट हृदयाला घातक असल्याचं संशोधकांनी दाखवलं, म्हणून जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतीत त्याची मर्यादा २ टक्के झाली.

मालक म्हणतो, "स्वस्तातलं टाका, कोण बघतंय?" तिथे "नाही" म्हणणं ही खरी अमानतदारी. खाणारा आपला असो वा दुसऱ्या धर्माचा, हक्क सगळ्यांचा सारखाच.

बारावी सायन्सनंतर डॉक्टर-इंजिनीअरखेरीज हाही रस्ता आहे. एमएचटी-सीईटी देऊन फूड टेक्नॉलॉजीत बी.टेक. करता येतं, परभणीच्या कृषी विद्यापीठात त्याचं स्वतंत्र कॉलेज आहे. पुढे म्हैसूरच्या सीएफटीआरआयमध्ये एम.एस्सी. होते. आपली मुलं-मुली या खुर्चीवर बसली, तर पाकीट हातात घेऊन दुसऱ्याला विचारत बसायची वेळ कमी येईल.