४३५ डॉलरचा हातोडा
१९८३मध्ये अमेरिकी नौदलाला साधा हातोडा ४३५ डॉलरला पडल्याचे उघड झाले आणि पेंटागॉनची छी-थू झाली. खरी मेख हिशेबात होती. कंत्राटातला वरखर्च किमतीच्या प्रमाणात न वाटता सगळ्या वस्तूंवर सारखाच टाकलेला; त्यामुळे हातोड्याच्या माथी महागड्या यंत्राइतकाच भार. पी-३ ओरायन विमानातले ६४० डॉलरचे गाजलेले ‘टॉयलेट सीट’ म्हणजे प्रत्यक्षात अख्ख्या टॉयलेटचे फायबरग्लासचे आवरण. अर्थात बोभाटा होताच निर्मात्या लॉकहीड कंपनीने तेच शंभरात दिले! २०२४च्या तपासणीत तर सी-१७ विमानांतल्या साबणाच्या डिस्पेन्सरसाठी हवाई दलाने बाजारभावाच्या सुमारे ८० पट पैसे मोजल्याचे आढळले. तुलना चुकीच्या वस्तूशी केली, असे कंत्राटदार बोइंग कंपनीचे म्हणणे. पण हवाई दलाने बिले नीट तपासलीच नव्हती, त्याचे काय?