पायरी आणि हक्क

बेळगाव-निपाणीच्या टापूतील जुन्या कचेऱ्या, शाळा व देवळे यांच्या दाराशी बहुधा दोन-चार पायऱ्या असतात. धडधाकट मनुष्याच्या त्या ध्यानातही येत नाहीत. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याची वाट मात्र तेथेच खुंटते. मग अपंगत्व पायांत असते की पायऱ्यांत? हा प्रश्न ज्यांनी आपल्या कार्यातून समाजापुढे मांडला, त्यांत निपाणीपासून सुमारे ४० किलोमीटरांवरील कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे स्थान मोठे आहे.

१९५० साली जन्मलेल्या नसीमादीदींचे कमरेखालील शरीर ऐन किशोरवयात संवेदनाहीन झाले. निराशेच्या त्या काळात त्यांची बाबूकाका दिवाण यांच्याशी गाठ पडली. बाबूकाका स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून आपला उद्योग सांभाळीत. त्यांच्या उदाहरणाने नसीमादीदींना नवी उमेद मिळाली. शिक्षण पुरे करून त्यांनी केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. अपंग मुलांसाठी वसतिगृह, त्यांनी इतर मुलांच्या बरोबरीने शिकावे अशी शाळा आणि सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा उद्योग, असा तिचा विस्तार झाला. ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनातून ही वाटचाल मराठी वाचकांपर्यंत पोहोचली. दयेपेक्षा संधी श्रेष्ठ, हे या कार्याचे सार होय.

संधीला कायद्याचे पाठबळ मिळवून देण्यासाठी दिल्लीत झटले ते जावेद अबिदी. तेही चाकाच्या खुर्चीवरच वावरत. अमेरिकेत पत्रकारितेचे शिक्षण घेऊन ते १९८९ साली मायदेशी परतले आणि पुढे अपंगांच्या हक्कांच्या चळवळीचे अग्रणी झाले. डिसेंबर १९९५ मध्ये अपंगांनी संसदेसमोर निदर्शने केली आणि त्याच महिन्यात अपंगांविषयीचा पहिला व्यापक कायदा संमत झाला. २०१६ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. २०१८ साली अबिदी निवर्तले.

सुगमता म्हणजे केवळ सदिच्छा नव्हे; तिला मोजमाप आहे. एक फूट उंची चढावयाची तर उतरण निदान बारा फूट लांब हवी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर अठरा फुटांची उतरण लागते. पायऱ्यांवर नुसती फळी टाकल्यास चढ इतका उभा होतो की, खुर्ची मागे घसरून बसणारा जायबंदी होण्याचे भय असते. उतरणीला कठडा हवा, दार रुंद हवे आणि आत खुर्ची वळेल असे शौचालय हवे. असा मार्ग वृद्धांना, गरोदर स्त्रियांना आणि ओझे वाहणाऱ्यांनाही सुखाचा होतो.

सीमाभागात राज्य आणि भाषा यांचे प्रश्न जुने आहेत. २०१६ चा कायदा मात्र केंद्राचा असल्याने निपाणीस जो हक्क, तोच कोल्हापुरास. नियम निघाल्यापासून पाच वर्षांच्या आत विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम कराव्यात, असे तो सांगतो. ते नियम २०१७ साली निघाले. म्हणजे मुदत २०२२ सालीच सरली. तेव्हा जेथे अजून केवळ पायऱ्याच आहेत, तेथे उतरणीची मागणी करणे ही याचना नव्हे. ते थकलेल्या ऋणाचे स्मरण होय.