तीन रुपयांचा गळ

ज्यांचे इअरफोन नेहमीप्रमाणे हरवलेत, त्यांच्यासाठी आजचा भाग लेखी.

भाच्याने ऑनलाइन रॉड मागवला. बाराशे रुपये. रील, रंगीत प्लास्टिकचे मासे, सगळं एका पाकिटात. हिप्परग्याच्या तलावावर दोन तास बसलो, हाती शून्य. "मामा, तुझ्या वेळी कसे मिळायचे रे?"

माझ्या वेळी, म्हणजे २००० च्या आसपास, सोलापुरात मधल्या मारुतीजवळ दोरखंडाचं एक दुकान होतं. तीन रुपयांत दोन गळ, हातावर मोजलेला तंगूस आणि शिशाचे दोन मणी मिळायचे. काठी आपली आपण शोधायची. चपलेच्या रबराचा तुकडा पाण्यावर तरंगायला.

पण काका आधी पैसे घ्यायचे नाहीत. आधी प्रश्न. "कुठं बसणार बे? कंबर तलाव का हिप्परगा? काय धरणार?" मी छाती फुगवून "मरळ!" म्हणायचो. काका बारा नंबरचा बारकुसा गळ पुढे सरकवायचे. "आधी चिलापी धर."

इथे एक गंमत आहे. गळाचा नंबर जितका मोठा, तितका गळ लहान. बारा नंबर बारीक, एक नंबर मोठा, आणि १/०, २/० त्याहून मोठे. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ मध्ये आणली. तोंड लहान, खाणं शेवाळ, गाळातलं किडूकमिडूक. भाच्याचे प्लास्टिकचे मासे शिकारी माशांसाठी बनवलेले. चिलापी त्यांच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. तिला गांडुळाचा तुकडा नाहीतर कणकेची गोळी लागते.

तंगूस तरी विकत कशाला? बाबा यंत्रमागावर चादरी विणायचे, घरात सुताला तोटा नव्हता. मी सुतानेच सुरुवात केली होती. सूत ओलं झालं की कमकुवत होतं असं वाटतं ना? उलट आहे, ओलं सूत जास्त ताण सोसतं. पण ते पाणी पितं, फुगतं, माशाला दिसतं, आणि ओलंच गुंडाळून ठेवलं तर कुजतं. नायलॉनला यातलं फारसं काही होत नाही. १९३५ साली अमेरिकेत ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत तयार झालेला हा धागा आमच्या खिशात आठ आण्यांना येऊन पडला होता.

(नायलॉन कुजत नाही हीच त्याची खोडही आहे. तुटलेला तंगूस काठावर टाकू नका, पक्ष्यांचे पाय अडकतात. आणि शिशाचे मणी आम्ही दातांनी दाबायचो, ते तर अजिबात करू नका. शिसं विष आहे. लोखंडी नट बांधा, काम तेच होतं.)

एका पावसाळ्यात बाबांचा कारखाना दीड महिना बंद होता. बाबा घरात गप्प बसून असायचे. एक दिवस माझ्या मागोमाग तलावावर आले. म्हणाले, "आण, मी बांधतो." तुटलेला धागा जोडण्यात त्यांच्या बोटांना कुणी हरवू शकत नव्हतं. पण त्यांची गाठ तंगुसावर सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. सुताला बारीक तंतू असतात, ते एकमेकांना धरतात. नायलॉन गुळगुळीत, घसरतं. मग मी काकांनी शिकवलेली गाठ दाखवली: गळाच्या नेढ्यातून तंगूस ओवायचा, स्वतःभोवतीच पाच-सहा वेढे द्यायचे, टोक नेढ्याजवळच्या फटीतून परत आणायचं, थुंकी लावायची आणि मग हळू ओढायचं. कोरडं ओढलं तर घासून तापतं आणि तिथेच कमजोर होतं.

बाबांनी मुकाट्याने तीनदा बांधून बघितली. त्या महिन्यात आमच्याकडे बऱ्याचदा भाकरीसोबत चिलापी असायची. मला वाटायचं, मी फार भारी मासेमार आहे.

आता त्या दुकानात गळ मिळत नाहीत, नायलॉनच्या दोऱ्या आणि ताडपत्री मिळते. म्हणून गेल्या रविवारी ऑनलाइनच बारा नंबरचे गळ मागवले, भाच्याच्या रीलवरचा मोठा गळ कापून टाकला. (तलावाचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे असतो, तेव्हा आधी विचारून घ्या. आम्ही विचारलं.) नवा गळ बाबांनी बांधला. चष्मा कपाळावर, टोक डोळ्यांजवळ, थुंकी लावून.

तळहाताएवढ्या चार मिळाल्या.