वाळू कोण झाडतं?

माझी आजी दापोली तालुक्यातली. लाटांचा आवाज ऐकत वाढलेली, पण समुद्राचं कौतुक तिला नव्हतं. वाळूत किल्ले करणं, लाटेत उड्या मारणं हे तिच्या लेखी रिकामटेकड्यांचे उद्योग. मे महिन्यात मुंबई-पुण्याची माणसं कोकणात जायची ती गावच्या घरी. आंबे, फणस, दुपारची लांबलेली जेवणं आणि अधूनमधून भाऊबंदकी. समुद्र वाडीच्या पलीकडे असायचा. पोरांना तिकडे सोडायचं तर सोबत एक मोठं माणूस आणि ‘घोट्याच्या वर पाणी नको’ अशी ताकीद. कोकणात ज्यांचं घर नाही अशी देशावरची कुटुंबं हरिहरेश्वरला किंवा गणपतीपुळ्याला देवदर्शनाला जायची, आणि देव समुद्राकाठी असल्यामुळे समुद्रही पाहून यायची. मुलांसाठी म्हणून मुद्दाम चार दिवस किनाऱ्यावर राहायला जायचं, त्यासाठी पैसे मोजून खोली घ्यायची, ही मराठी मध्यमवर्गाची सवय फार जुनी नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ती नव्वदच्या दशकात रुजली. माझी मुलं नेमकी तेव्हाच लहान होती, म्हणून हा मागोवा.

१९९४ मध्ये टाटा सुमो आली आणि दोन बिऱ्हाडं, त्यांची पोरं, एक आजी आणि डोक्यावरच्या कॅरियरवर सगळं सामान असं एका गाडीत कोंबता येऊ लागलं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. सहाव्या सातव्या तासाला घाटात उलट्या करणाऱ्या मुलांच्या आयांना तिचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये दिवेआगरला सुपारीच्या वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला. तोवर श्रीवर्धन तालुक्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसलेल्या त्या गावात गाड्यांची रीघ लागली. दर्शन पाच मिनिटांत व्हायचं. मग समोर तो लांबलचक, सपाट, रिकामा किनारा. लोक राहू लागले. घराघरांवर पाट्या लागल्या: ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेचाही त्याला हातभार लागला.

त्याआधी एक छोटा टप्पा होता, तो आता कुणाला आठवत नाही. ओळखीच्या कुणाचं तरी बंद घर मागून घ्यायचं आणि स्वयंपाक आपणच करायचा. आमच्या अशा पहिल्या सहलीत सामानात रॉकेलचा स्टोव्ह, कुकर, तांदूळ, मेतकूट, तान्ह्याची दुपटी, लंगोट आणि ते वाळत घालायला सुतळीचं बंडल होतं. पुरुषमंडळी पोरांना घेऊन पाण्यावर गेली की सासूबाई, जाऊ आणि मी तिघी कुकर लावायचो. पोरं परत यायची तेव्हा केसांत, कानांत, चड्डीत वाळू. विहिरीचं पाणी मचूळ, साबणाला फेस येत नसे. तिघांना धुवायचं, भरवायचं, निजवायचं, आणि मग केरसुणी घेऊन खोलीतली वाळू काढायची. संध्याकाळी पुन्हा तेच. घरी जी कामं केली तीच इथे खाऱ्या वाऱ्यात केली. सासूबाईंनी तर त्या सबंध मुक्कामात समुद्र एकदाच पाहिला, तोही शेवटच्या दिवशी गाडीत सामान चढवून झाल्यावर.

म्हणून घरगुती सोयीच्या त्या पाट्यांचं आम्हा बायकांना जे वाटलं ते पुरुषांच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. पुण्याहून रात्री अकरानंतर, एसटीडीचे दर उतरले की, फोन लावायचा. पलीकडून विचारणा व्हायची ती माणसं किती एवढीच नव्हे, तर ‘लहान किती?’ अशी. पाच वर्षांखालच्यांचे पैसे बहुतेक ठिकाणी घेत नसत. म्हणजे ज्यांच्यासाठी सगळ्यात जास्त खटपट, तेच फुकट. सकाळी घावणे, दुपारी आमटीभात, एखाद दिवशी उकडीचे मोदक आणि सोलकढी. त्याशिवाय याला तिखट नको, तिला भात मऊ हवा, धाकट्याला दूध कोमट हवं पण साय नको. आमच्या दिवेआगरच्या काकू हे सगळं ऐकून घेत आणि न विसरता करत. त्यांच्या सकाळी पाचच्या चुलीवर माझी सुट्टी उभी होती. दुपारी पोरं निजली की त्या ओसरीवर पदर खोचून वाळू झाडताना दिसायच्या. मी केरसुणी मागितली तर द्यायच्या नाहीत. ‘तुम्ही पाहुण्या,’ म्हणायच्या. मीही फारसा आग्रह धरत नसे.

लहान मूल बरोबर असलं की समुद्राचं वेळापत्रक कळावंच लागतं. काकूंचे यजमान भरतीची वेळ बोटांवर सांगत. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल तो आकडा भरतीचा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. पंधरवडा संपला की पुन्हा दुपारी बाराच्या आसपास. थोडं इकडेतिकडे होतं, पण हिशेब फारसा चुकत नाही. मग आमच्या ध्यानात आलं की पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे भर दुपारी, म्हणजे मुलं झोपलेली असताना, भरती येऊन जाते आणि सकाळी सहाला व संध्याकाळी सहाला समुद्र पार आत गेलेला असतो. समोर ओली, कडक, सपाट वाळू. दीड वर्षाच्या पोराला धावायला आणि पडायला याहून चांगली जागा नाही. अष्टमीच्या भांगात पाणी फार चढत नाही, पण नेमक्या खेळायच्या वेळी पायाशी असतं. पुढची कित्येक वर्षं आम्ही सुट्टीची तारीख पंचांग बघून ठरवली. मुहूर्तासाठी पंचांग न पाहणाऱ्या आमच्या घरात हे चालायचं, आणि नणंद त्यावरून हसायची.

त्या ओहोटीच्या वाळूत तासन्तास काय असतं, हे मुलांमुळे कळलं. चण्याएवढे खेकडे वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकतात. बिळाभोवती त्या गोळ्यांच्या रांगा पसरत जातात आणि भरती आली की सगळं पुसलं जातं. माझी थोरली त्यांच्याजवळ उकिडवी बसून राहायची. मोठी माणसं सूर्यास्ताचे फोटो काढण्यात गर्क. छत्तीस फोटोंचा रोल असायचा, तोही जपून वापरायचा, त्यामुळे खेकड्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. सूर्यास्त मात्र खंडीभर आहेत.

दोन हजारचं दशक उजाडलं ते रस्त्यांपेक्षा जेट्ट्यांमुळे लक्षात राहिलं. २००३ पासून दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी चढू लागली आणि गुहागर एकदम जवळ आलं. मुलांना समुद्रापेक्षा ती बोटच आवडायची. याच दशकात भारनियमनाने जीव काढला. उन्हाळ्यात ग्रामीण भागात तासन्तास वीज नाही, पंखा बंद, पोराच्या मानेवर घामोळं, आणि मध्यरात्री आई पुठ्ठ्याने वारा घालते आहे. सुट्टीच्या आठवणी लिहिताना लोक हे गाळतात. माझ्या आठवणीत समुद्राच्या गाजेइतकाच त्या पुठ्ठ्याचा आवाज आहे.

वेळासचंही इथेच सांगायला हवं. मंडणगड तालुक्यातलं हे नाना फडणवीसांचं गाव. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच पिल्लं समुद्रात सोडताना बघायला शहरातून कुटुंबं येऊ लागली. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. ती वाळूच्या उबेने साधारण पन्नास दिवसांत फुटतात. टोपली उपडी केली की तळहातापेक्षा लहान पिल्लं पाण्याकडे निघतात. दोरीमागे उभी असलेली बालवाडीतली पोरं तेवढा वेळ चक्क गप्प. हंगाम मार्चच्या आगेमागे, म्हणजे ऐन परीक्षांचा. त्यामुळे तिथे गर्दी शाळेत न जाणाऱ्या किंवा नुकत्याच जाऊ लागलेल्या मुलांची. गावातल्या घरांतून राहण्याजेवण्याची सोय झाली आणि बायकांच्या हातात थेट पैसा आला. हॉटेल न बांधता गावाने पाहुणे सांभाळले, याचं श्रेय कासवांइतकंच त्या स्वयंपाकघरांना द्यायला हवं.

२०१० नंतर मात्र चित्र भराभर बदललं. मार्च २०१२ मध्ये दिवेआगरच्या गणपतीवर दरोडा पडला, दोन रखवालदार मारले गेले, आणि त्या गावाचा धंदा बसला. बाकी किनाऱ्यावर मात्र जलतरण तलाव आले. समुद्रापासून दोनशे पावलांवर निळ्या फरशीचा तलाव बांधायचा हे मला आधी हास्यास्पद वाटायचं. पुढे कारण कळलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, त्यानंतर लहान मुलांचे आईबाप पाण्याला धास्तावले. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत. आपल्या बहुतेक किनाऱ्यांवर तेव्हा धोक्याचा फलक आणि नशीब एवढंच होतं. तलावाचा तळ दिसतो, लाट नाही, वाळू नाही. माझ्या भाचीची मुलं अलिबागजवळच्या रिसॉर्टवर दोन दिवस राहून आली. समुद्र कसा होता विचारलं, तर धाकटा म्हणाला, ‘तो गाडीतून दिसला.’

भाचीला यात गैर काही वाटत नाही, आणि तिचं सगळंच चूक आहे असंही नाही. तिचा नवरा मुलांना सनस्क्रीन लावतो, भरवतो, रात्री उठून डायपर बदलतो. माझ्या नवऱ्याच्या पिढीत हे कुणी केलेलं मी पाहिलं नाही. बुफेत पास्ता असतो, त्यामुळे ‘तिखट आहे’ हे रडगाणं नाही. खोलीतली वाळूही दिसत नाही. तुम्ही नाश्त्याला गेलात की मागे कुणीतरी येऊन ती काढून जातं. ती बाई जवळच्याच वाडीतली असते, तिचीही मुलं लहान असतात. पण काकूंना मी नावाने ओळखायची, दिवाळीला त्यांना फराळ पाठवायची. हिचा चेहरा भाचीने पाहिलेला नसतो. डायपर कुठे जातात हे मात्र दिसतं. भरतीच्या ओळीत, शहाळ्यांच्या करवंट्या आणि वेफर्सच्या पाकिटांच्या सोबत ते पडलेले असतात.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि श्रीवर्धन पट्ट्यातल्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. सुपारीचं नवं झाड धरायला पाच-सहा वर्षं तरी घेतं. टाळेबंदीने पाहुणे आधीच थांबले होते. आमच्या काकूंनी फोनवर सांगितलं की ओसरीतून आता थेट समुद्र दिसतो. पाहुण्यांना ते आवडेल, असंही म्हणाल्या. मला त्यावर काय बोलावं ते सुचलं नाही. पुढे पाहुणे आले ते दुपटीने. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो त्याच वर्षी सुरू झाली होती, गाडीसकट तासाभरात पलीकडे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालूच आहे, पण तो विषय काढला की लेख संपायचा नाही. आता लोक मे महिन्याची वाट पाहत नाहीत. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की निघतात. तिथी कुणी बघत नाही, चेक-इनची वेळ बघतात. ती दुपारची असते, नेमकी मुलांच्या झोपेची.

काकू आता स्वयंपाक करत नाहीत. सून करते, आणि तिची पद्धत वेगळी आहे. तीन वर्षांवरच्या मुलाचं अर्धं ताट धरते. मुलांसाठी वेगळं काही हवं असेल तर सकाळी नऊच्या आत सांगायचं, त्याचे वेगळे पैसे. प्रत्येक खोलीच्या दाराशी पाण्याची बादली, टमरेल आणि एक केरसुणी ठेवलेली असते, वर कागद: ‘पाय धुऊन आत यावे. वाळू आपली आपण काढावी.’ काही पाहुणे चिडतात, वाईट अभिप्राय लिहितात. काकूंना स्वतःला ते पटत नाही, पाहुण्याच्या हातात केरसुणी द्यायची म्हणजे त्यांना कसंसंच होतं. मला त्यात काही वावगं दिसत नाही. गेल्या खेपेला भाचीच्या नवऱ्याने ती केरसुणी उचलली आणि दोन्ही पोरं त्याच्या मागे सुपलीशी झोंबत होती.

जाताना सुनेने मला बाजूला घेऊन एक चौकशी केली. पावसाळा लागला, पाहुणे आटोपले की तिला तिच्या दोन मुलांना घेऊन तीन दिवस कुठेतरी जायचं होतं. महाबळेश्वर, भंडारदरा, काहीही चालेल. समुद्र नको, आणि सकाळचा चहा दुसऱ्या कुणीतरी करून दिला पाहिजे. मी दोन ठिकाणं सांगितली. तिने दोन्हींचे फोन नंबर उतरवून घेतले आणि पाच वर्षांखालच्यांचे पैसे घेतात का, तेही विचारलं.