दारू सोडायची तर सोबत हवी

आपल्याकडे दारू सोडण्याची सगळी भाषा निश्चयाची आहे. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची, नाहीतर माळ घालायची, आणि पुन्हा प्यायला लागला की माणूस मनाचा कच्चा ठरवून आपण मोकळे. पण ज्यांच्या गळ्यात माळ टिकते त्यांच्याकडे नीट पाहावं. मण्यांबरोबर त्यांच्या आयुष्यात संध्याकाळचा हरिपाठ आलेला असतो, एकादशी, सप्ताह, दिंडी आलेली असते, आणि या सगळ्यांत भेटणारी न पिणारी माणसंही. शपथ घेणारा मात्र दुसऱ्या दिवशी कामावरून सुटतो तो त्याच रस्त्याने, त्याच मित्रांसमोरून घरी येतो. निश्चयाने दारू थांबते. थांबलेली राहते ती सोबतीने. म्हणून आपल्या भागातला आधारगट शोधणं आणि तिथे जात राहणं हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आधारगटांचा जन्मच या गरजेतून झाला. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी कामासाठी आला होता. काम फसलं. काही महिने सुटलेली दारू हॉटेलातच पुन्हा खुणावू लागली, तेव्हा त्याने फोन करून दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याचा शोध घेतला. भेटले डॉ. बॉब स्मिथ. त्यांना मदत करताना आपणही सावरतो, हे बिलच्या ध्यानात आलं. भारतात हे गट १९५७ पासून आहेत. सभासद होण्याची अट एकच : पिणं थांबवण्याची इच्छा. फी नाही, पूर्ण नाव कोणी विचारत नाही, बोलायची सक्ती नाही. ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं तरी चालतं.

यावर रास्त शंका अशी, की ज्यांना मनापासून सोडायची असते तेच गटात टिकतात, मग गुण गटाचा की त्यांचा? याचं उत्तर देण्यासाठीच रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून अभ्यास झाले. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यासांचा आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा घेतला. समुपदेशकाने पद्धतशीरपणे अशा गटांशी जोडून दिलेल्यांपैकी वर्षानंतर सुमारे ४२ टक्के पूर्ण कोरडे होते. इतर मान्य उपचार घेतलेल्यांत सुमारे ३५ टक्के. हा चमत्कार नव्हे, निम्म्याहून अधिकांना तेवढ्याने पुरलं नाही. तरी फरक खरा आहे. तो कशामुळे पडतो, याचा शोध घेणाऱ्यांना एक मोठं कारण सापडलं : उठण्याबसण्यातली माणसं बदलतात.

मग अडतं कुठे? पहिल्या पावलापाशी. अमेरिकेत १९८१ साली वीस जणांवर एक छोटा प्रयोग झाला. दहा जणांना गटाची माहिती देऊन ‘जा’ म्हणून सांगितलं. उरलेल्या दहा जणांसमोर समुपदेशकाने गटातल्या सभासदाला फोन लावला, बोलणं करून दिलं, सोबत जायचं ठरवून दिलं. दुसऱ्या तुकडीतले दहाही जण गेले. पहिल्या तुकडीतला एकही गेला नाही. प्रयोग लहान, पण त्यातला धडा आपल्या डॉक्टरांनी आणि नातेवाइकांनी उचलावा. पत्त्याची चिठ्ठी हातात देऊन काम होत नाही. १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर चौकशी करता येते, सरकारी रुग्णालयातला मनोविकार विभाग आणि व्यसनमुक्ती केंद्रं गटांची माहिती देऊ शकतात. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या संस्था उपचारानंतर फॉलोअपवरही भर देतात. पण फोन त्या माणसासमोर लावावा आणि पहिल्या मीटिंगला कोणीतरी दारापर्यंत सोबत जावं. निवडताना घराजवळचा, आपल्या भाषेत चालणारा, आणि शक्यतो आपण एरवी प्यायला बसायचो त्या वेळेचा गट पाहावा. एका गटात जीव रमला नाही तर दुसरा पाहावा. दोन गट सारखे नसतात.

‘जवळच्या गटात कोणी ओळखलं तर?’ ही भीती खोटी नाही. गावात तर नाहीच. पण तिथे ओळखणाराही त्याच कारणासाठी आलेला असतो, आणि आपलं पिणं गल्लीला बहुधा आधीच माहीत असतं. तरीही सुरुवात लांबच्या गटापासून करावीशी वाटली तर करावी, न जाण्यापेक्षा ते बरं. या गटांच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्या आहेत, त्यांतल्या देवाच्या उल्लेखाने कोणी बिचकत असेल तर त्या पायऱ्या ‘आपल्याला समजलेल्या’ देवाबद्दल बोलतात. देव न मानणारेही गटात बसतात.

एका बाबतीत मात्र गट अपुरा आहे आणि ते स्पष्ट सांगितलं पाहिजे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं इथपर्यंत मजल जाते, त्यात जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग गट. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी कोणा सभासदाच्या सांगण्यावरून बंद करू नये.

घरच्यांनी तर पिणारा तयार होण्याची वाट पाहायचंही कारण नाही. अल-अ‍ॅनॉन हे कुटुंबीयांचे गट १९५१ पासून वेगळे चालतात, आणि नवरा अजून रोज पीत असला तरी बायको तिथे या आठवड्यापासून जाऊ शकते.