लाइन चालू आहे, पण कुणाची?

मंडळी, तत्त्वज्ञानाचा माणूस टेलिफोनच्या तारांवर काय बोलणार, असं काहींना वाटत असेल. पण प्रश्न आपलाच आहे. एखादी गोष्ट चालते, एवढ्यावरून ती बरोबर आहे असं म्हणता येतं का?

मल्टिप्लेक्सर म्हणजे अनेक लाइन एकाच वाटेनं नेणारं यंत्र. एसटीएम-१ नावाच्या वाटेवरून ६३ ई-१ लाइन जाऊ शकतात. एका ई-१ लाइनवर सेकंदाला २०.४८ लाख बिट, म्हणजे साधारण ३० टेलिफोन संभाषणं. आता समजा, जोडणाऱ्यानं ७ नंबरची लाइन ८ च्या जागी लावली आणि ८ ची ७ च्या जागी. अलार्म वाजेल? नाही वाजणार. यंत्र काय बघतं? सिग्नल येतोय का, आणि फ्रेमची सुरुवात दाखवणारी ठरलेली खूण सापडतेय का. ही खूण सगळ्या ई-१ लाइनवर एकसारखीच! त्यामुळे दोन्ही दिवे हिरवे, आणि बँकेची लाइन भलत्याच्याच दारात.

न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. हेतू म्हणजे अनुमानाचा आधार. अग्नीशिवाय धूर नाही, म्हणून धुरावरून अग्नी सिद्ध होतो. पण 'डोंगरावर अग्नी आहे, कारण डोंगर जाणता येतो' असं कुणी म्हटलं तर? जाणता तर तळंही येतं, आणि तिथे अग्नी नाही. आपला हिरवा दिवा असाच. जोडणी बरोबर असली तरी लागतो, चुकली तरी लागतो.

लूप टेस्टचंही तेच. पलीकडच्या टोकाला सगळ्या लाइन एकदम लूप केल्या, तर अदलाबदल असूनही सगळ्यांवर सिग्नल परत येतो. म्हणून एका वेळी एकच लाइन लूप करायची, आणि सिग्नल कोणत्या नंबरावर परत येतो ते बघायचं.

मग हे ६३ वेळा करायचं? गरज नाही. लाइन वापरात येण्याआधीच तपासायच्या असतील, तर १ ते ६३ हे नंबर बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहा. ६ अंक पुरतात. पहिल्या फेरीत ज्यांचा पहिला अंक १, तेवढ्याच लाइनवर टेस्ट पॅटर्न पाठवा. दुसऱ्या फेरीत दुसरा अंक बघा. पलीकडच्या माणसानं प्रत्येक लाइनपुढे पॅटर्न आला तर १, नाही आला तर ० लिहायचं. ७ म्हणजे ०००१११. हा आकडा पलीकडे ८ च्या जागी उमटला, की चूक सापडली. आणि सहाही फेऱ्यांत गप्प राहिलेली लाइन? ती बंद आहे, कारण शून्य नंबर आपण कुणाला दिलेलाच नाही.

लाइन वापरात आल्यावर यंत्र प्रत्येक लाइनबरोबर १६ बाइटांचं एक नाव पाठवू शकतं. पलीकडे अपेक्षित नाव नोंदवून तपासणी चालू ठेवली असेल, तर नाव न जुळल्यास अलार्म येतो. पण हे नाव एका मल्टिप्लेक्सरपासून दुसऱ्यापर्यंतच जातं. तिथून ग्राहकाच्या यंत्रापर्यंतच्या तारेबद्दल ते काहीच सांगत नाही. ती तार वेगळी तपासावी लागते.

तेव्हा कोणतीही टेस्ट करण्याआधी एक प्रश्न विचारा: जोडणी चुकलेली असती, तर हिचा निकाल वेगळा आला असता का? उत्तर 'नाही' असेल, तर ती टेस्ट केली काय आणि न केली काय, सारखंच.